लाल चौदा, काळा चौदा

नेलिदाला फक्त तिच्या आजोबांचं घर बघायचं होतं. अर्जेंटिनातल्या रोसारिओहून ती तीन आठवड्यांसाठी जेनोआला आली, पण बंदर, दीपगृह, राजवाडे, मत्स्यालय यांतलं काहीएक तिला नको होतं. "आजोबा ज्या दारातून बोटीवर चढायला निघाले, ते दार दाखवा. मी हात लावते आणि परत जाते," असं तिने विमानतळावरच सांगून टाकलं. एवढ्या कमी अपेक्षा असलेला पाहुणा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे मी बेसावध राहिलो.

नेलिदा माझ्या बायकोची, देल्फिनाची, लांबची बहीण. दोघींचे आजोबा सख्खे भाऊ. थोरला जोबात्ता अठराव्या वर्षी बोटीत बसला, धाकटा बसला नाही, म्हणून एक बहीण तिकडची झाली आणि एक इकडची. धाकटा पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि जुन्या घराविषयी देल्फिनाच्या माहेरी कोणी अवाक्षर काढलं नाही. जेनोआची माणसं शब्दसुद्धा जपून खर्च करतात.

आता पत्ता शोधणं म्हणजे माझं क्षेत्र. हे मी गर्वाने सांगत नाही. म्हणजे, थोड्या गर्वाने सांगतो. मी चौतीस वर्षं घरांच्या नंबरांचं काम केलं. आमच्या गावात राहत्या घरांना काळे नंबर आणि दुकानं, गाळे, वखारी यांना लाल नंबर. दोन्हींची मोजणी वेगवेगळी. त्यामुळे एकाच गल्लीत काळा चौदाही असतो आणि लाल चौदाही, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. परगावच्या माणसांना यात गोंधळ वाटतो. मला यात संस्कृती दिसते. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझा उल्लेख "लाल-काळ्याचा शेवटचा जाणकार" असा केला होता, आणि तो कागद आमच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेला आहे.

नेलिदाने जेवणाच्या टेबलावर एक पिवळं पडलेलं पाकीट ठेवलं. आजोबांच्या आईने रोसारिओला पाठवलेलं. मागे पत्ता: तीन माशांची गल्ली, चौदा. त्या चौदाच्या पुढे एक बारीकशी शेपटी होती.

"हे काय आहे?" देल्फिनाने बोट ठेवलं. "लाल नंबर लिहिताना पुढे असंच अक्षर काढतात ना?"

"माशी," मी म्हणालो.

"माशी?"

"माशीची घाण. शंभर वर्षांचं पाकीट आहे, माश्या बसणारच. माणूस घरात जन्मतो, देल्फिना, दुकानात नाही. घर म्हणजे काळा नंबर. यात विचार करण्यासारखं काही नाही."

वरच्या मजल्यावरचा ग्वाल्तिएरो तेव्हा आमच्याकडेच बसला होता. तो जहाजावर आचारी होता आणि निवृत्तीनंतर सल्ले देतो. पाकीट उजेडात धरून तो म्हणाला, "मला शाई वाटते."

"तुला मिनेस्त्रोने सूपमध्ये बटाटा किती घालायचा ते वाटू दे," मी म्हणालो. नेलिदा माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तिच्या आजोबांकडून आलेली जेनोवी बोली आणि आमची बोली मिळून आमचं संभाषण बरं चाललं होतं. जाणकार माणूस घरातच मिळाला म्हणून तिने हात जोडले. मग मी तिला लाल-काळ्याचा सगळा इतिहास सांगितला. दुसऱ्या दिवशी न्याहारीला पुन्हा सांगितला. हे पुढे मला भोवलं.

तीन माशांची गल्ली बंदरामागे आहे. तिची रुंदी इतकी की समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीने मिटायचं. काळा चौदा सापडायला मला चार मिनिटं लागली. मी घंटा वाजवली. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं.

"घर विकायचं नाही," ते डोकं म्हणालं.

"आम्ही विकत घ्यायला नाही आलो, काकू."

"भाड्यानेही द्यायचं नाही. आणि मी देवाला मानते, तेव्हा पत्रकंही नकोत."

नेलिदाने खालून आपल्या पद्धतीने काहीतरी सांगितलं. त्यात आजोबा होते, बोट होती, रोसारिओ होतं, आणि हातातला आटवलेलं गोड दूध भरलेल्या बिस्किटांचा डबाही होता. दार उघडलं.

मारिउच्चाबाई शहाऐंशी वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. आम्ही ब्याण्णव पायऱ्या चढून वर आलो तेव्हा त्यांनी डबा आधीच टेबलावर कुठे ठेवायचा ते ठरवलं होतं. नेलिदा आत आली, भिंतीला हात लावला, पलंगाला हात लावला आणि रडायला लागली. बाहेरच्या खोलीत उभा राहून मी छताकडे बघत होतो. अशा वेळी माणूस छताकडेच बघतो.

"माझे आजोबा इथे जन्मले," नेलिदा हुंदके देत म्हणाली. "जोबात्ता. तुम्ही कधी नाव ऐकलंय?"

मारिउच्चाबाईंनी रडणाऱ्या बाईकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. मग पुन्हा बाईकडे.

"जोबात्ता," त्या सावकाश म्हणाल्या. "तो खोकायचा म्हणतात, तोच ना?"

"हो!" नेलिदाने त्यांना मिठीच मारली. "मरेपर्यंत खोकत होते."

जगात न खोकणारा आजोबा कुठे असतो, हे मला तेव्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, चार मिनिटांत.

नेलिदाने दाराला हात लावला, पण ती परत मात्र गेली नाही. ती रोज सकाळी मारिउच्चाबाईंकडे जाऊ लागली आणि मारिउच्चाबाईंची स्मरणशक्ती रोज सकाळी सुधारू लागली. सोमवारी जोबात्ता खोकायचा. मंगळवारी तो जिन्यात शीळ घालायचा. गुरुवारपर्यंत त्याने खिडकीत तुळस लावली होती, आणि ती तुळस म्हणजे आज कुंडीत आहे तिचीच पणजी. बाईंनी नवीन एप्रन घेतला. ब्याण्णव पायऱ्या उतरून त्या केस सेट करून आल्या. गल्लीतल्या लोकांनी मला सांगितलं की त्या गेल्या दोन वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या.

शुक्रवारी नेलिदाने फोनवर रोसारिओला तो पलंग दाखवला. पलीकडे एका खोलीत कमीत कमी चाळीस माणसं होती. सगळ्यात पुढे तिचा भाऊ उम्बेर्तो. पलंग दिसताच त्याने टोपी काढली, मग मागच्या सगळ्यांनी काढल्या. नंतर ते आपापसांत बोलले आणि दोन निर्णय जाहीर झाले. एक, पुढच्या वसंतात अकरा जण येणार. दोन, दारावर संगमरवरी पाटी बसवायची.

"पाटी तर हवीच," ग्वाल्तिएरो म्हणाला. त्याचा एक ओळखीचा कारागीर होता. ग्वाल्तिएरोच्या ओळखीचा कारागीर प्रत्येक गोष्टीत असतो आणि त्याचा हात नेहमी नुकताच मोडलेला असतो. पण पाटीसाठी आधी इमारतीतल्या रहिवाशांची सभा लागते. सभेला चौघं आले. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी विरोध नोंदवला. त्यांचं म्हणणं, त्यांचे आजोबाही याच इमारतीत जन्मले आणि कुठेही गेले नाहीत. न जाण्यालाही काही किंमत असावी. यावर दोन तास चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की जोबात्ताच्या जन्माचा लेखी पुरावा आणा, मग बघू.

लेखी पुरावा चर्चच्या जुन्या वहीत. चर्चचं कार्यालय मंगळवारी दहा ते अकरा उघडं. तिथल्या बाई फार सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, उतारा फक्त वंशजालाच मिळतो.

"ही वंशज आहे," मी नेलिदाला पुढे केलं.

"तसा पुरावा?"

"तो पुरावा या उताऱ्यात आहे."

"मग उतारा आणा," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

मी चौतीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलो होतो, त्यामुळे मला राग आला नाही. मला कौतुक वाटलं. नेलिदा मात्र बसून राहिली. तिने पासपोर्ट काढला, वडिलांचा दाखला काढला, लग्नाचे फोटो काढले, शेवटी पर्समधून आजोबांच्या खोकल्याच्या औषधाचा चमचा काढला. चमच्याने बाई विरघळल्या. "उद्या कार्यालय बंद असलं तरी दुपारी बाराला स्वतः येऊन उतारा घेऊन जा," त्या नेलिदाला म्हणाल्या, "आज फक्त नोंद आहे का ते बघते." नेलिदा आनंदाने मेणबत्ती लावायला गेली. बाईंनी वही उघडली. मी खांद्यावरून डोकावलो.

जोबात्ता. सालही बरोबर. आईचं नाव बरोबर. तीन माशांची गल्ली, चौदा. आणि त्यापुढे, पाद्रीबाबांच्या टपोऱ्या अक्षरात, पूर्ण शब्द लिहिलेला होता: लाल.

माशी नव्हती ती.

 माझ्या दिवाणखान्यातली ती फ्रेम माझ्या डोळ्यांसमोर आली. मी मुकाट्याने एकटाच त्या गल्लीत गेलो आणि लाल चौदा शोधला. काळ्या चौदापासून तो वीस पावलांवर होता. एका केस कापण्याच्या दुकानावर. बुटका, वखारीसारखा गाळा, छत हाताला लागेल इतकं खाली. जोबात्ताचे आईबाप वखारीत राहत होते, इतकाच त्याचा अर्थ. गरीब माणसं तेव्हा जिथे दार लागेल तिथे राहायची. हे मला, लाल-काळ्याच्या शेवटच्या जाणकाराला, सुचलं नव्हतं.

घरी मी फक्त ग्वाल्तिएरोला सांगितलं. देल्फिनाला सांगायची हिंमत नव्हती, तिने "माशी?" हा शब्द पुन्हा उच्चारला असता तर मी उठलो नसतो.

"सांगून टाक," ग्वाल्तिएरो म्हणाला.

"चाळीस माणसांनी टोप्या काढल्या, ग्वाल्तिएरो. त्या म्हातारीने केस सेट केले. आणि नेलिदा उद्या तो कागद घेऊन तडक मारिउच्चाबाईंच्या दारात फोटो काढायला येणार. लाल म्हणजे काय, काळा म्हणजे काय, हे मी तिला स्वतः दोन वेळा शिकवलंय."

ग्वाल्तिएरोने विचार केला. "मग दारावरचा नंबर लाल कर. तासाभरापुरता. फोटो निघाला की पुसून टाक."

मी त्याला सांगितलं की हा गुन्हा आहे, आणि हे मीच चौतीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. मग मी विचारलं, पुसला जाईल असा रंग कुठला?

"बोटीचा रंग नको," तो म्हणाला. "बोटीचा रंग बोट बुडाली तरी जात नाही. बायकोची लिपस्टिक घे. ती जेवणाबरोबर जाते."

बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता मी तीन माशांच्या गल्लीत शिडीवर उभा होतो. शिडी ग्वाल्तिएरोची; ती धरायला तो येणार होता, पण त्याची पाठ धरली होती. संगमरवरात कोरलेल्या एक या आकड्यात लिपस्टिक सहज बसली. चार अवघड निघाला. चारला कोपरे आहेत. मी जीभ बाहेर काढून दुसऱ्या कोपऱ्यात शिरत होतो तेव्हा खालून आवाज आला.

"काय चाललंय?"

पालिकेच्या पोलीसबाई होत्या. तरुण, इस्त्रीचा गणवेश, हातात वही.

"देखभाल," मी म्हणालो.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"मी या खात्यातलाच आहे."

"ओळखपत्र?"

"निवृत्त झालोय."

त्यांनी माझ्या हातातल्या वस्तूकडे बारकाईने पाहिलं. "खात्यात लिपस्टिक वापरायचे?"

मी काही बोलणार इतक्यात वरची खिडकी उघडली. "तो चोर नाही, बाई," मारिउच्चाबाई ओरडल्या. "तो पाहुणीचा मेहुणा आहे. जरा बावळट आहे, पण त्याला अटक करू नका, जेवायला थांबणार आहे." बचावाचं एवढं मोठं भाषण माझ्यासाठी आजवर कोणी केलं नव्हतं. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. तळमजल्यावरचे गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी आपला विरोध पुन्हा नोंदवला.

आणि गल्लीच्या तोंडाशी देल्फिना आणि नेलिदा दिसल्या. नेलिदाच्या हातात कागद होता. चर्चच्या बाईंनी आज पहिल्यांदाच वेळेआधी काम केलं होतं.

शिडीवर उभ्या माणसाला एक तोटा असतो: त्याला कुठे जाता येत नाही. देल्फिनाने आधी नंबर पाहिला, मग लिपस्टिक पाहिली.

"ती माझी लग्नाकार्याची आहे," ती म्हणाली. नंतर तिने नेलिदाच्या हातातला कागद घेऊन वाचला. तिला सगळं कळायला एका श्वासाएवढा वेळ लागला. "माशी," ती म्हणाली. हळूच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी शिडीवरूनच सगळं सांगितलं. पाकीट, शाई, वही, वखार, सगळं. पोलीसबाईंनी मधेच वही बंद केली. हे कुठल्या कलमात बसतं ते बहुधा त्यांना ठरवता येईना. बोलून झालं तेव्हा नेलिदा वर खिडकीकडे बघत होती.

"म्हणजे तो पलंग," ती म्हणाली.

"पलंग माझ्या सासूचा," मारिउच्चाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तू रडत होतीस गं. मी काय करायचं होतं?"

 नेलिदाने मला विचारलं, "कुठे आहे?" मी शिडीवरून उतरलो. उतरताना पोलीसबाईंनी माझा दंड धरला, हे मला नमूद करावं लागतं. मग आम्ही वीस पावलं चाललो. मागून पोलीसबाई, तळमजल्यावरचे गृहस्थ आणि, जिन्यात खूप वेळ पावलं वाजल्यावर, एप्रन घातलेल्या मारिउच्चाबाईही आल्या.

दुकानात एक चाळिशीची बाई केस झाडत होती. यादिरा. इक्वेडोरची. नेलिदाने तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायला सुरुवात केली आणि यादिराच्या हातातला झाडू थांबला. दोघी भराभर बोलत होत्या, मला निम्मंच कळत होतं. नेलिदा विचारत होती, इथे कोणी राहायचं का? यादिराने मागचा पडदा बाजूला केला. मागे एक खोली होती, खिडकी नव्हती. आता तिथे शांपूचे डबे होते. ती म्हणाली की आल्यावर पहिली तीन वर्षं ती आणि तिच्या दोन मुली तिथेच झोपायच्या. धाकटी तर तिथेच जन्मली. रुग्णवाहिकेला गल्लीत शिरता आलं नाही.

नेलिदा पडद्याजवळ उभी राहिली. मी तिच्या रडण्याची वाट बघत छताकडे बघायला लागलो, पण छत फार जवळ होतं. ती रडली नाही. तिने शांपूचे डबे बाजूला सरकवले, उकिडवी बसली आणि जमिनीवर तळवा टेकवला. बराच वेळ तशीच बसली. उठताना तिने यादिराचा हात धरला, आणि नंतर तो सोडायला विसरली.

मग तिने फोन लावला. रोसारिओत पहाट होती, तरी उम्बेर्तो टोपीसकट हजर झाला. तिने त्याला खरं सांगितलं.  "मग आपण कोणाच्या पलंगासमोर रडलो?" उम्बेर्तोने विचारलं.

मारिउच्चाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. "मी शेजारीण," त्या म्हणाल्या. "खोकल्याचं मी बनवलं. शीळही बनवली. तुळस बाजारातली आहे." त्यांनी एप्रनला हात पुसले. "पण माझी आजी सांगायची, खालच्या वखारीतलं एक पोरगं बोटीवर गेलं, तेव्हा त्याची आई आठ दिवस दार लावत नव्हती. विसरलेलं काही न्यायला परत येईल म्हणून. एवढं खरं आहे. नावाचं मला ठाऊक नाही."

उम्बेर्तोने टोपी काढली. हे खरं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. चौतीस वर्षं मी लोकांनी सांगितलेलं तपासत आलो. हे तपासावंसं वाटलं नाही.

पाटीचा विषय नेलिदाने स्वतःच मिटवला. ती म्हणाली, जे राहत होते त्यांची पाटी लावायची तर यादिराचीही लावावी लागेल. त्याऐवजी तिने त्या खुर्चीत बसून केस कापून घेतले. पोलीसबाई माझ्यापाशी येऊन म्हणाल्या की उद्यापर्यंत नंबर पूर्ववत झाला तर त्यांनी काही पाहिलेलं नाही.

मी त्या दुपारी स्पिरिटने घासला, साबणाने घासला, देल्फिनाने सांगितलं म्हणून दुधानेही घासला. जेवणाबरोबर जाणारी लिपस्टिक संगमरवराच्या छिद्रांत बसली ती बसलीच. आज त्या दारावरचा चौदा काळाही नाही आणि लालही नाही. गुलाबी आहे. पोलीसबाई अधूनमधून त्या गल्लीतून जातात आणि दुसऱ्या बाजूला बघतात.

गुलाबी नंबर आमच्या कुठल्याच यादीत नसल्यामुळे नव्या पोस्टमनचा पार गोंधळ झाला आहे. तो यादिराची पत्रं मारिउच्चाबाईंच्या पेटीत टाकतो आणि मारिउच्चाबाईंची दुकानात. मी वरपर्यंत तक्रार करायला निघालो होतो, अर्ज लिहूनही झाला होता. पण परवा शिडी परत न्यायला त्या गल्लीत गेलो तेव्हा यादिरा पत्रं घेऊन ब्याण्णव पायऱ्या चढत होती, आणि वरून मारिउच्चाबाई खिडकीतून मला म्हणाल्या, "ए मेहुण्या, त्या पोस्टमनला काही बोललास तर याद राख. आज तिच्या दोन्ही पोरी जेवायला आहेत."

अर्ज मी फाडला. शिडी अजून तिथेच आहे.